मागच्या सीटचा मान

भाड्याच्या स्कूटरवर पुढे कोणी बसायचं आणि मागे कोणी, हा प्रश्न जगात फारसा कोणाला पडत नसावा. ज्याला चालवता येते तो पुढे बसतो, दुसरा मागे, आणि दोघं हवा खात निघून जातात. पण दोघांपैकी एक मुलीचा बाप असेल आणि दुसरा मुलाचा, तर हा प्रश्न रामेश्वरच्या भर रस्त्यात, भर उन्हात, दुकानदार हात जोडेपर्यंत चालू शकतो, हे मी अनुभवानं सांगतो. त्यातून दोघांचं बोलणं बंद असेल तर आणखी वेळ लागतो, कारण सगळा आग्रह खुणांनी करावा लागतो.

मी मधुकरराव. वर्ध्याला पिपरी मेघेत राहतो. जिल्हा परिषदेतून रिटायर झालो. माझे व्याही, आमच्याकडे इवाई म्हणतात, रूपराव हे हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचे. उंच माणूस, भरघोस मिशा, गळ्यात तुळशीची माळ, कपाशी आणि तुरीची शेती. त्यांच्या रोशनला माझी मयुरी दिली. मुलगा सोन्यासारखा, सासू आईसारखी, सगळं उत्तम. फक्त लग्नात इवाईभेट झाली नाही. म्हणजे झाली, पण दुसऱ्याच माणसाशी झाली.

याचा दोष मी फेट्यांना देतो. वऱ्हाडातल्या सगळ्या पुरुषांना एकसारखे गुलाबी फेटे बांधायचे, ही कल्पना माझीच होती. फोटोत छान दिसतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. ऐन इवाईभेटीच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "काका, चष्मा काढा, चमकून राह्यला." मी काढला. मागे बँड वाजत होता, महाराज मंत्र म्हणत होते, आणि समोर सगळीकडे गुलाबी गुलाबी दिसत होतं. त्यातला एक गुलाबी पुढे सरकला. मी त्याला हार घातला, कुंकू लावलं, शेला पांघरला, कडकडून मिठी मारली, आणि हल्लीची पद्धत आहे म्हणून उचलूनही घेतलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण माणूस वजनाला फार हलका लागला.

चष्मा लावल्यावर कळलं की ते रूपरावांचे चुलतभाऊ बापूराव होते. ते बिचारे वाटेतली खुर्ची उचलायला पुढे आले होते. रूपराव त्यांच्या मागे हात पसरून उभे होते. मग त्यांनी ते हात हळूहळू खाली घेतले.

रूपराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ते नुसते गप्प झाले. पंगतीत वरणभात तेवढा खाल्ला आणि निघून गेले. तेव्हापासून त्यांनी माझ्या घराची पायरी चढली नाही, माझ्याशी शब्द बोलले नाहीत. बरं, परत रीतसर भेट करू म्हटलं, तर आमचे महाराज म्हणाले की एकदा झालेली भेट पुन्हा करता येत नाही. तिकडे वडनेरला बापूराव चौकात बसून "वर्धेवाल्याचा इवाई तर मीच हावो" असं सांगत सुटले, आणि गावानं त्यांचं नावच इवाई पाडलं.

आता मयुरीला सातवा लागला होता. डोहाळजेवण आमच्या घरी ठरलं. रूपरावांनी घरात सांगून टाकलं, "तुमी सारे जा. मी येत नाई." मयुरीचा फोन आला. "बाबा, माह्या डोहाळजेवणाले घरचा मोठा माणूसच नसल तर मी कोण्या तोंडानं पाटावर बसू?" असं म्हणून ती रडली. ते ऐकून प्रमिला, म्हणजे माझी बायको, रडली. मग प्रमिला माझ्याकडे बघत बसली. मलाही वाईट वाटत होतं हो. एकुलती एक मुलगी ज्या घरात दिली, त्या घरचा कर्ता माणूस आपल्या दारावरून मान वळवून जातो, हे कोणत्या बापाला सहन होईल?

कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. समोरचे प्रभाकरराव या विषयातले अधिकारी माणूस, कारण त्यांचं स्वतःच्या तिन्ही व्याह्यांशी भांडून झालेलं आहे. ते म्हणाले, "माफी मांगू नका, सांगून ठेवतो. माफी मांगली का माणूस चढते. गोडीगुलाबीनं पटवा." शेजारची वर्षाली लग्नाचे व्हिडिओ कापाकापी करून देते. ती म्हणाली, "काका, आता फोनमध्ये चेहरा बदलून मिळते. बापूरावांच्या धडावर रूपरावांचं डोकं बसवून देऊ का?" मी दोन दिवस त्या डोक्याचा गंभीरपणे विचार केला. शेवटी वजनाचा मुद्दा आड आला. बापूरावांना मी जितकं उंच उचललं होतं तितकं रूपरावांना क्रेननंही उचललं नसतं, आणि हे सगळ्या वडनेरला माहीत होतं.

शेवटी दोघी विहिणींनी कारभार हाती घेतला. प्रमिला आणि रूपरावांच्या जयवंताबाई यांचं लग्नापासूनच मेतकूट. दोघींनी परस्पर रामेश्वरची चार तिकिटं काढली आणि आम्हाला दोघांना निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? सेवाग्राम स्टेशनवरून गाडीत बसलो आणि चेन्नईपर्यंत आमचं संभाषण असं चाललं, की मी प्रमिलाला म्हणायचो, "त्यांना विचार, चहा घेतात का?" प्रमिला जयवंताबाईंना विचारायची, जयवंताबाई रूपरावांना, आणि रूपराव खिडकीला सांगायचे, "नोको." चार जणांतून जाऊन येईस्तोवर चहावाला पुढच्या डब्यात गेलेला असायचा.

रामेश्वरला दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी देवळातल्या कुंडांच्या स्नानासाठी रांगेत उभ्या राहिल्या. आमची आंघोळ आदल्या दिवशीच झाली होती. जयवंताबाई म्हणाल्या, "आमाले वेळ लागते. तुमी दोघं गाडी घ्या अन् शहर पाहा, तो समुद्रातला मोठा पूल पाहून या." आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. हा कट आहे हे मला समजलं, रूपरावांनाही समजलं असणार. पण देवळाच्या दारात नाही म्हणायला दोघांनाही जमलं नाही.

देवळाजवळच भाड्यानं स्कूटर देणारं दुकान होतं. दुकानदारानं लायसन्स मागितलं. माझं लायसन्स जुन्या पद्धतीचं आहे, छोटी पुस्तिका. आत माझा केसांसकटचा फोटो आहे. मागच्या पानावर नूतनीकरणाचा शिक्का आहे, तो मराठीत. दुकानदारानं पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला, आणि आतून बायकोला बोलावून दाखवली. मग माझ्याकडे आणि फोटोकडे पाहून "नॉट यू" म्हणाला. चाळीस वर्षांत केस जातात हो, त्याला मी काय करणार? मी त्याला शासकीय नोकरीतला माणूस असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "कार्ड, कार्ड."

तेव्हा रूपरावांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून रुमाल काढला आणि रुमालातून चकचकीत लायसन्स कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते कपाळाला लावायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि किल्ली रूपरावांच्या हातात दिली.

आणि इथे तो प्रश्न उभा राहिला. रूपरावांनी किल्ली घेतली, स्कूटरपाशी गेले, किल्ली पुढच्या सीटवर ठेवली आणि मागच्या सीटजवळ जाऊन उभे राहिले. त्याचा अर्थ मला लगेच कळला. मुलाचा बाप मुलीच्या बापाला गाडीवर बसवून फिरवणार नाही, मान मागच्या सीटला असतो. आता खरं सांगायचं तर मलाही ते चाललं नसतं. व्याह्याला ड्रायव्हर केलं असं वर्ध्यात कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणजे कित्येक महिन्यांनी आमचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. अडत होता तो दुकानदार. तो म्हणे, ज्याचं लायसन्स तो चालवणार. मी त्याला खुणेनं सांगितलं की हे मुलाचे वडील आहेत. त्यानं खुणेनं सांगितलं की असू देत. बराच वेळ असं चाललं. शेवटी त्यानं हात जोडले आणि आत निघून गेला, ती मी परवानगी समजलो.

हेल्मेटं दोन मिळाली. एक काळं, चांगलं. दुसरं लहान मुलाचं, गुलाबी, पुढे सशाचं चित्र. काळं हेल्मेट मी दोन्ही हातांनी रूपरावांपुढे धरलं, पानसुपारीचं ताट धरतात तसं. गुलाबी माझ्या टाळूवर वाटीसारखं बसलं. रूपरावांनी ते पाहिलं आणि स्कूटरच्या आरशाला म्हणाले, "गुलाबी रंगाचा मोठा सोस हाये बा लोकाले."

मी गिळलं. आरशाला का होईना, माणूस बोलला तर होता.

त्यांची ही पद्धत मला पुढे चांगलीच कळली. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण मला मरूही द्यायचं नव्हतं. त्यामुळे ते हवेला सांगत. "समोर गाय हाये." "बकरी आली." "हे वनवे असल." देवळाभोवतीचे रस्ते असे, की कुठेही वळलं तरी पुन्हा देऊळच समोर येई. आमच्या तीन प्रदक्षिणा झाल्या. प्रत्येक फेरीला रांगेतल्या दोघी विहिणी हात हलवत, आणि प्रत्येक फेरीला रांग होती तिथेच असे. चौथ्यांदा वेगळ्या गल्लीत घातली तर थेट मासळीच्या धक्क्यावर निघालो. चहूकडे मासे वाळत घातलेले. माळकरी माणूस मागे बसलेला आणि पुढे हे. रूपरावांनी दुपट्ट्यानं नाक गच्च दाबलं आणि आतून समोरच्या होडीला म्हणाले, "देव पाहाले आलो, अन् मासोया दाखवून राह्यले."

तिथून निसटून एका टपरीवर कॉफी घ्यायला थांबलो. कॉफी पेल्यात आणि पेला वाटीत, तिकडची पद्धत. आता व्याह्यानं पहिला घोट घेतल्याशिवाय मी कसा घेणार? मी थांबलो. रूपरावही थांबले, कारण त्यांनी घोट घेतला असता तर आपण व्याही असल्याचं मान्य केल्यासारखं झालं असतं. दोघं पेल्यांकडे बघत बसलो. टपरीवाल्याला वाटलं कॉफी बिघडली. त्यानं घाबरून ती ओतली आणि नवीन करून आणली. तीही निवली. तिसऱ्या वेळी मी उठून हात धुवायच्या निमित्तानं टपरीमागे गेलो, परत आलो तेव्हा त्यांचा पेला रिकामा होता आणि मिशीला फेस होता. मी काही न पाहिल्यासारखं करून माझी कॉफी संपवली.

मग पूल लागला. पंबनचा पूल मी फोटोत पाहिला होता, पण फोटोत वारा दिसत नाही. दोन्ही बाजूंना समुद्र, तोही निळा आणि हिरवा असा दोन रंगांचा, बाजूला खाली रेल्वेचा नवा पूल, त्याचा मधला भाग जहाजासाठी वर उचलला जातो म्हणे. आमच्याकडे पाणी म्हणजे बोरचं धरण आणि पवनारची धाम नदी. तीही उन्हाळ्यात गुडघाभर. मी आपोआप गाडी बाजूला लावली. आणखीही माणसं कठड्याशी उभी होती. रूपराव उतरले, कठड्याला दोन्ही हात टेकवून बराच वेळ बघत राहिले.

"एवढं पानी," ते समुद्राला म्हणाले, "अन् एका पराटीच्या कामाचं नाई."

पराटी म्हणजे कपाशीचं झाड. माझ्या तोंडून निघून गेलं, "खारं हाये ना जी."

"हो," रूपराव म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. मग पुढे म्हणाले, "नाईतर वाहून नेलं असतं."

आता काय बोलावं? हवामानावर बोलावं की कापसाच्या भावावर? कापसाच्या भावावर बोललं तर माणूस उदास होईल. मी शब्द जुळवतोय तोच खिशातला फोन वाजला. कॉलनीला पूल दाखवायचं मी कबूल केलं होतं, त्यामुळे व्हिडिओ कॉल. मी आनंदाच्या भरात उचलला. पडद्यावर प्रभाकररावांचं नाक आलं. प्रभाकरराव फोन फार जवळ धरतात आणि फार मोठ्यानं बोलतात.

"काय मधुकरराव!" ते ओरडले. "पटला का तो वडनेरवाला म्हातारा? का अजूनई फुगूनच बसला हाये?"

वारा एवढा होता, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हे मात्र स्वच्छ ऐकू गेलं. कठड्याशी उभ्या असलेल्या, मराठी न समजणाऱ्या लोकांनीही वळून पाहिलं. मी फोन बंद करायला गेलो, पण घाईत चुकीचं बटण दाबलं, आणि प्रभाकरराव खिशातून आणखी एकदा म्हणाले, "चढवू नका हो त्याले डोक्यावर!"

रूपरावांनी हेल्मेट काढलं, स्कूटरच्या सीटवर ठेवलं, धोतराचा काचा नीट केला आणि पुलावरून चालायला लागले. तेही रामेश्वरच्या बाजूला नाही. पलीकडे, मंडपमच्या दिशेनं. त्या बाजूनं चालत राहिले असते तर देशभर चालूनच वडनेरला पोचले असते.

मी स्कूटर घेऊन मागे निघालो. त्यांच्या चालीनं स्कूटर चालवायची म्हणजे दोन्ही पाय जमिनीला घासत न्यावे लागतात. डोक्यावर गुलाबी ससा, सीटवर काळं हेल्मेट, ते पडू नये म्हणून एक हात मागे. "रूपरावजी, बसा ना जी. इवाईबुवा, ऊन लागते." ते थांबेनात. मागे बस आली आणि हॉर्न वाजवायला लागली. तिच्यामागे ट्रक आला. ट्रकमागे यात्रेकरूंच्या गाड्या. आमच्या मागे पुलावर लग्नाची वरात निघावी तशी रांग लागली, बँडची उणीव हॉर्ननी भरून काढली.

एकाएकी रूपराव वळले.

"मी फुगून बसलो?" ते म्हणाले. "मी? माह्या एकुलत्या एक पोराचं लगन होतं जी. रातभर ठरवत होतो, इवाईले भेटल्यावर काय बोलाचं. मले बोलता येत नाई तुमच्यासारखं. दोन वाक्य पाठ केलते. अन् तुमी माह्यासमोर त्या बापूरावले उचललं!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानंही असेल. मला प्रभाकररावांचा सल्ला आठवला, माफी मागू नका. पण या माणसानं माझ्यासाठी दोन वाक्यं पाठ केली होती, हे ऐकल्यावर मला राहवेना.

"माफ करा जी," मी म्हणालो. बसनं हॉर्न वाजवला.

"काय?"

"माफ करा!"

ट्रकनं वाजवला. "आइकू नाई येऊन राह्यलं!"

"चुकलं माह्यं! माफ करा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. नेमके त्याच वेळी सगळे हॉर्न एकदम बंद झाले, आणि माझी माफी संपूर्ण पुलानं ऐकली.

हॉर्न बंद झाले होते कारण पोलीस आला होता. मोटारसायकल लावून तो चालत आमच्यापर्यंत आला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सशाकडे, मग डोळे पुसणाऱ्या रूपरावांकडे. त्याला जे दिसलं त्याचा जो अर्थ कोणीही लावला असता, तोच त्यानं लावला.

"दिस मॅन," त्यानं माझ्याकडे बोट दाखवून रूपरावांना विचारलं, "डिस्टर्ब यू?"

मी घाईघाईनं माझी लायसन्सची पुस्तिका काढली. त्यानं ती उघडली, फोटो पाहिला, आणि "नॉट यू" म्हणाला. मग स्कूटरचे कागद मागितले. कागद रूपरावांच्या नावावर. लायसन्स रूपरावांचं. चालवत होतो मी. मीही एकेकाळी टेबलामागे बसलेलो आहे, असं प्रकरण माझ्यापुढे आलं असतं तर मी माणसाला पहिल्यांदा बाकावर बसवलं असतं आणि मग वरिष्ठांना फोन केला असता.

"हू इज दिस मॅन?" पोलिसानं रूपरावांना विचारलं. "यू नो हिम? कौन है?"

रूपराव दुपट्ट्यानं डोळे पुसत राहिले.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, समुद्राकडे पाहिलं. ते "माहीत नाही" म्हणाले असते तर त्यांना कोणी खोटं ठरवलं नसतं. त्यांच्या हिशेबानं आम्ही कधी भेटलोच नव्हतो. आणि मग मी मयुरीला काय सांगणार होतो? तुझ्या सासऱ्यांनी मला रामेश्वरच्या पुलावर पोलिसाच्या हवाली केलं, तू मात्र डोहाळजेवणात नीट जेव?

"समधी हैं मेरे," रूपराव म्हणाले.

पोलिसाला हिंदी बेताचीच असावी. रूपरावांनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. "समधी! इनकी लड़की मेरे घर में दी है. मेरे लड़के को. सीधे आदमी हैं, बोलते जरा जादा हैं."

"ओ! संबंदी!" पोलिसाचा चेहरा एकदम खुलला. त्यांच्याकडेही जवळपास हाच शब्द आहे म्हणे. "यू बॉय साइड?" रूपरावांनी मान डोलावली. पोलीस नकळत ताठ झाला आणि त्यानं टोपी सारखी केली. मग तो माझ्याकडे वळला. "यू गर्ल फादर?"

"येस सर."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी टू," तो म्हणाला. "नेक्स्ट मंथ. माय संबंदी, व्हेरी अँग्री मॅन. ऑलवेज."

"मी अँग्री नाई," रूपराव मराठीत म्हणाले.

पोलिसानं दंड केला नाही, पण कायदाही सोडला नाही. कार्ड रूपरावांच्या हातात देऊन म्हणाला, "लायसन्स हिज. ही ड्राइव्ह. यू बॅक." मी चपापलो. मी त्याला म्हणालो, नो सर, धिस इज नॉट अवर कस्टम, ही इज बॉय साइड, मागची सीट मानाची असते. त्याला ते पूर्ण समजलं असावं, कारण त्यानं फार सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "रूल."

मी रूपरावांकडे बघत उभा राहिलो. ते पुढे आले, काळं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पुढच्या सीटवर बसले. मी मागे बसलो, अंग चोरून, जेमतेम टेकून. मुलाच्या बापाला कामाला लावून आपण बसून जायचं, हे मला पार मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बसमधली माणसं हात हलवत होती.

रूपराव स्कूटर ट्रॅक्टरसारखी चालवतात. पाठ ताठ, वेग एकच, प्रत्येक दिव्याच्या खांबाला हॉर्न. आम्ही मंडपमच्या टोकाला जाऊन वळलो आणि पुन्हा पुलावर आलो. आता वारा समोरून होता. पोलिसासमोर म्हणायचं म्हणून समधी म्हटलं असेल, असं मी मनाला समजावत होतो. पूल अर्ध्यावर आला असेल तेव्हा ते म्हणाले, "इवाईबुवा."

हवेला नाही, आरशाला नाही. मला.

"जी," मी म्हणालो.

"ते डोहाळजेवन कोण्या तारखेले हाये म्हनता?"

ती तारीख त्यांनी स्वतः वडनेरच्या महाराजांकडे दोनदा जाऊन काढून आणली होती. जयवंताबाईंनीच प्रमिलाला सांगितलं होतं. तरी मी सांगितली. वाऱ्यात ऐकू गेली नसेल म्हणून पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज नीट निघेना.

"आइकलं ना जी पहिल्याच वेळी," रूपराव म्हणाले. "आता रडून काऊन राह्यले? गाडी हालून राह्यली ना."